दात कौसल्येचे

पयले गाव लिवा बाई, मंग नाव. माहेर देवळी, सासर नाचनगाव, नाव यमुना. वय साठीच्या वर, किती वर ते मायले माहीत होतं अन् माय गेली. माहा बाप देवळीच्या शाळेत चपराशी होता, घंटा वाजवे, पानी भरे, हेडमास्तराच्या घरचे लाकडं फोडे, म्हून हेडमास्तरानं मले चार वर्ग बसू देल्लं, पोट्ट्याइच्या मांगं, दाराजवळ, जोडे काढतात तिथं. चौथी झाली तं बाप म्हने पुरे झालं, आता का कलेक्टर होते का तू. पन मले वाचता येते. हे आताच सांगून ठेवतो, कारन तुमी जे लिवून राह्यल्या ते मी शेवटी वाचनार हाये.

लगन बाराव्या वर्सी. नवरा पुलगावच्या बाजूले जीनवर होता, जीन म्हनजे कापसातून सरकी अलग कराचा कारखाना, तिथं तो रुईच्या गाठी ओढे. मानमोडीच्या साथीत तो गेला, आठ दिवसानं पोटचं लेकरू गेलं, अन् सासू म्हने पांढऱ्या पायाची. काय सांगू तुमाले बाई, रडाले जवळ मानूस लागते, माह्याजवळ सासूशिवाय कोनी उरलं नाई अन् तिच्यापुढं मले रडाचं नव्हतं. तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी मी जीनच्या फाटकावर जाऊन उभी राह्यली.

तीस जीन एका लांब टिनाच्या छपराखाली, एका ओळीत, अन् एकेका जीनवर एक बाई. आमाले रेजा म्हनत, कामकरी बाई म्हनजे रेजा. उभं राहाचं, कापूस हातानं मोकळा कराचा अन् रोलरवर सोडाचा, रुई समोर पडते, सरकी खाली पडते, भोंगा होईपर्यंत बस हेच. रुईची फुसफुस उडते ते नाकात जाते, डोळ्यात जाते, घरी गेलं तं भाकरीत रुई. बोटं रोलरपासून दोन आंगोळं दूर ठेवाचे, नाईतर बोटं जातात, माह्या डोळ्यापुढं दोघीचे गेले. पन हे काम कोनीही शिकते. खरं काम दुसरं होतं अन् ते करे मैनाआत्या.

मैनाआत्या ओळीतली सगळ्यात मोठी बाई, काळी, उंच, बोलली तं शिवीच. सकाळी मशीन सुरू व्हाच्या आंधी आवारात कापसाच्या जेवढ्या गंज्या असन त्या प्रत्येक गंजीत ती कोपरापर्यंत हात घाले, आतून ओंजळभर कापूस काढे अन् त्याच्यातली एक सरकी दाताखाली धरे. सुक्या सरकीचा आवाज येते, कट. ओली सरकी आवाज करत नाई, दबते, भिजलेल्या चन्यावानी. कट झालं तं गंजी जीनवर, नाई झालं तं गंजी उन्हात. ओला कापूस रोलरले गुंडाळते, सरकी फुटते, रुई पिवळी पडते, अन् गंजीत तसाच राह्यला तं आतल्या आत तापते अन् एक दिवस धूर निघते. कोनी वजनासाठी पानी मारते, थंडीत दव पडते, बैलबंडी नाल्यातून येते, पन वरून कापूस कोरडाच दिसते. मैनाआत्या म्हने, वरून पाहून तं नवरा भी चांगलाच दिसते, चावल्याशिवाय समजत नाई.

मुकादम वेगळा होता, गडीमानूस, तो खुर्चीवर बसे अन् हजेरी घे. पन मैनाआत्यानं मान हालवल्याशिवाय इंजनवाला पट्टा चढवे नाई.

एकदा एक मिस्त्री मशीन पाहाच्या बहान्यानं ओळीत शिरला अन् एका पोरीले चिमटा घेतला. मैनाआत्या भांडली नाई. तिनं नुसता हात वर केला अन् कापूस सोडनं बंद. तिच्याकडं पाहून बाजूचीनं हात काढला, मंग तिच्या बाजूचीनं, तिसाच्या तीस. मशीन चालू अन् मशीनच्या तोंडात कापूस नाई. रिकामा जीन कसा ओरडते ते आयकलं का तुमी कधी? डुक्कर कापल्यावानी. शेठ ऑफिसातून अनवानी धावत आला. त्या दिवसापासून ओळीत गडी यायचा नाई, हा कायदा. कुठी लिवून नाई, पन तीस वर्सं चालला. पोरी लगनाच्या आंधी जीनवर येत, बाळंतीन लेकरू घेऊन येई, कापसाच्या ढिगात निजवे, अन् घरचे बेफिकर राहत, कारन ओळीत गडी यायचा नाई.

मंग मैनाआत्याचा दम वाढला, रुई छातीत बसली होती तिच्या. एका सकाळी तिनं सगळ्याईसमोर माह्या हातात सरकी ठेवली अन् म्हने घे वं यमुने, आता तू चाव. बस. हार नाई, तुरा नाई. तव्हापासून मी चावून राह्यली होती, वीसाच्या वर हंगाम, दिवाळीपासून होळीच्या पार. माह्या काळात आमच्या जीनवर ठिनगी पडली नाई. बाळंतीनीची जागा मी सव्वा महिना राखून ठेवो, दुसरीले उभी राहू देओ नाई. जुना मुकादम गेला, गनपतराव आला, तो माह्यापेक्षा वीस वर्सानं लहान, त्याले कापूस म्या शिकवला. अन् हजेरीच्या वहीत म्या सोता वाचलं, माह्या नावापुढं पयल्या दिवशी रेजा लिवलं होतं अन् वीस वर्सानं भी रेजाच.

आता दाताचं सांगतो. एवढे हंगाम सरकी चावल्यावर दात राहतात का? एकेक गेला. वरचा खालच्यावर बसन असे शेवटी दोनच उरले, डाव्या बाजूले. एका सकाळी गंजीपाशी सरकी चावली तं कट झालं, म्या मान हालवली, अन् मंग हातात थुकून पाह्यलं तं सरकी साबूत अन् दात तुटलेला. म्या दात पदराच्या टोकाले बांधला अन् जीनवर जाऊन उभी राह्यली. ती गंजी कोरडी निघाली. नशीब.

काऊन नाई सांगतलं म्हनता? मारोतीमुळं. मारोती म्हनजे गनपतरावाचा साळा, आवारात बंड्या खाली करून घे. त्याच्या आंधीच्या हंगामात सिंधू नावाची पोट्टी पानी प्याले गोदामाच्या मांगं गेली, यानं तिचा हात धरला, बांगड्या फुटल्या तिच्या, ती पोट्टी पुन्हा फाटकात आली नाई. अन् गनपतरावाच्या मनात पयलेपासून होतं, बुढी थकली का मारोतीले ओळीवर ठेवाचं. माहे दात गेले हे समजलं असतं तं दुसऱ्या दिवशी मारोती ओळीत. म्हून म्या तोंड बंद ठेवलं. हसनं भी सोडलं. आंधी कुठी लय हसत होती म्हना.

माह्या बाजूच्या जीनवर कौसल्या. चाळिशीची, नवरा दम्यानं घरी पडलेला, बोलनं कमी. तिचे लोक दीक्षा घेऊन बौद्ध झाले, त्याच्या आंधी तिच्या वस्तीले काय म्हनत ते तुमाले माहीत हाये. खरं सांगतो, मी तेलीन, पंधरा वर्सं तिचा पान्याचा लोटा म्या वेगळा ठेवाले लावला. मैनाआत्याच्या काळापासून तसंच होतं, म्या चालू ठेवलं, मले काही वाटलं नाई. अन् दात गेला तव्हा ओळीत पाह्यलं, तीस बायामंधी कापसावर हात कोनाचा बसला हाये, तं तिचाच. संध्याकाळी तिच्या घरी गेली, म्हनलं कौसल्ये, तोंड उघड. ती म्हने काऊन मावशी? म्हनलं दात पाहू दे. बैल घेताना पाहतात तसे पाह्यले. बत्तीसच्या बत्तीस. मंग म्या माहं तोंड उघडून दाखवलं. तिनं वाकून पाह्यलं, मंग म्हने, मावशी, पंधरा वर्सं माह्या लोट्याले हात नाई लावला अन् आता माहे दात पायजे का? म्हनलं हव, पायजे. ती म्हने, सरकी एकाच ओंजळीतली घ्या लागन, माहा उष्टा हात चालन का? म्हनलं चालन. न चालून कोनाले सांगतो.

मंग असं ठरलं. मी गंजीतून ओंजळ काढो, एक सरकी माह्या तोंडात टाको, एक तिच्या हातात सरकवो. मी हिरडीनं नुसती घोळवो अन् ती मान खाली घालून चावे. तिनं पदर खोचला तं सुकी, पदर मोकळा तं ओली. काम सुरू कराच्या आंधी बाया पदर खोचतातच, कोनाले काय समजते. असे दोन हंगाम काढले. दोन हंगामात एक चूक नाई. नाव माहं, दात कौसल्येचे.

मंग हे नवे म्यानेजर साहेब आले, नागपूरकडचे. मानूस वाईट नाई. त्याईले कोनी तरी सांगतलं का तुमच्या जीनवर एक बुढी हाये ते कापूस चाखून सांगते. त्याईले लय आनंद. म्हने जुन्या मानसायचा सत्कार झाला पायजे, बायाचा तं झालाच पायजे, आजी, तुमचा सत्कार. चाळीस वर्सात पयल्यानं कोनी असं म्हनलं. मले बरं वाटलं, खोटं काऊन बोलू. अन् मंग म्हने, आजी मंचावर सात टोपल्यातली सरकी चाखून दाखवतीन, पाहुन्यायपुढं. गनपतराव बाजूले उभा राहून माह्या तोंडाकडंच पाहून राह्यला होता.

तीन दिवस होते. नखानं दाबून पाह्यलं, दगडावर आपटून पाह्यलं, हिरडीनं तं एवढं चावलं का हिरडी रक्ताळली, पन सुकीत अन् ओलीत फरक समजेना. वर्ध्याले दाताच्या डाक्टराकडं गेली. तो म्हने कवळी बसवतो पन महिना लागन, अन् कवळीनं सरकी चावशीन तं कवळी तुटन बुढे. कौसल्या म्हने, मावशी, बिमार पडा. म्हनलं मी बिमार पडली तं मारोतीले चढवतीन. ती म्हने मंग गावाले जा, कोनी मेलं म्हना. म्हनलं माहं मराले कोन उरलं हाये वं? दोघीजनी हसलो.

आवारात मांडव टाकला होता. पाहुने खुर्चीवर, बाया खाली सतरंजीवर. मले भी खुर्ची देल्ली, तिच्यावर बसली तं पाय टेकेना. लुगडं, नारळ, भाषनं. म्यानेजर साहेब म्हने या माउलीनं आपला कारखाना राखला. मंग टोपल्या आनल्या. गनपतराव म्हने, याच्यात एक टोपली म्या भिजवली हाये, ओळखा यमुनाबाई.

पयल्या टोपलीतली सरकी तोंडात टाकली. घोळवली. काहीच नाई. खाली पाह्यलं तं कौसल्या तिसऱ्या रांगेत, पदर मोकळा, पन तिच्या हातात सरकी कुठी होती? अंदाजानं सांगू शकत होती मी. सातात एक, लागली तं लागली. पन उद्या? अन् परवा? म्या सरकी थुकली अन् उभी राह्यली. म्हनलं साहेब, माह्या तोंडात दात नाई. लोक हसले. म्या तोंड उघडून दाखवलं, चारी बाजूले, जत्रेतल्यावानी. म्हनलं दोन हंगामापासून हे काम कौसल्या करते, दात तिचे, अक्कल तिची, सत्कार तिचा करा, अन् वहीत तिच्या नावापुढं मुकादमीन लिवा.

हसनं बंद झालं. गनपतराव ओरडला, दोन वर्सं जीनले फसवलं या बायानं. म्यानेजर साहेबाचं तोंड पाहुन्यायपुढं एवढंसं झालं, पन ते म्हने बोलवा त्या बाईले. कौसल्या उठेना. म्या मंचावरून म्हनलं, उठ वं, का माह्या मयतीवर उठशीन?

ती आली. पाय लटलट कापून राह्यले होते तिचे. पन सरकी तोंडात गेली अन् कापनं थांबलं, ते म्या पाह्यलं. कट. कट. तिसरीवर थांबली, म्हने ही ओली. गनपतराव म्हने बराबर. लोक टाळ्या वाजवाले लागले. तिनं तिथंच थांबाचं होतं. पन ती पुढं चावत गेली, अन् सहावी चावली, पुन्हा दुसरी सरकी घेऊन चावली, म्हने ही भी ओली. गनपतराव हसला. म्हने साहेब, भिजवली एकच, माह्या हातानं, सहावी तं कोपऱ्यातल्या मोठ्या गंजीची हाये, मारोतीनं सोता उतरवून घेतली, पाहा, सगळा तुक्का हाये. म्या म्हनलं त्या गंजीत हात घालून पाहा, कोपरापर्यंत. कोनी उठलं नाई. पाहुन्यायच्या कोटाले कापूस लागला असता.

वरून गनपतरावानं साहेबाच्या कानात हे भी घातलं का ही बाई दीक्षेनंतर मशीनची पूजा करत नाई, जीनले कुंकू लावत नाई, हिले मुकादमीन कसं करता. लुगडं माह्या हातात राह्यलं. कौसल्येले नारळाची भकल भी नाई. जाता जाता साहेब म्हने, आजी, तुमी लय केलं, आता आराम करा. आराम करा म्हनजे उद्यापासून फाटक बंद.

अन् दुसऱ्या दिवशी मारोती ओळीत.

मी फाटकाबाहेर दगडावर बसली होती. दुसरं कुठी जाऊ, चाळीस वर्सं पाय तिकडंच चालले. पट्टा चढला, जीन सुरू झाले. मारोती एकेकीच्या मांगून आंगाले आंग लावत गेला, हे मंग बायानं सांगतलं. त्यानं कोपऱ्यातली गंजी आनाले लावली. कौसल्येनं टोपलीतली एक सरकी चावली अन् हात वर केला. तो म्हने हात खाली कर. ती म्हने कापूस ओला हाये. तो म्हने तुले कोनं इचारलं? तिनं हात खाली केला नाई. मंग तिच्या बाजूचीनं हात काढला, मंग तिच्या बाजूचीनं. माही जागा रिकामी, म्हून एकोनतीस. एक भी मांगं राह्यली नाई. मले दगडावर बसल्या बसल्या आयकू आलं, चाळीस वर्सात दुसऱ्यानं, रिकामे जीन, डुक्कर कापल्यावानी. मैनाआत्या मेली तव्हा भी मी रडली नाई, त्या दिवशी रडली.

सगळ्यायले बाहेर काढलं. आज आठवा दिवस हाये. गनपतराव म्हनते दुसऱ्या गावच्या बाया आनतो, भुकेल्या बाया लय हाये मुलखात. हे भी खरं. कौसल्येच्या घरी चूल एका वेळी पेटते, नवरा खोकलत खोकलत तिले बोलते. दोघीतिघी माह्या दारात येऊन शिव्या देऊन गेल्या, बुढे, तुहे दात गेले अन् आमचा घास गेला. खोटं नाई त्याईचं. दात लपवले म्या. दोन वर्साआंधी मी सांगती, तोंडानं सांगती का हे पाहा माहं संपलं, ही कौसल्या उभी करा, तं तव्हा ओळ माह्या मांगं होती, जीन भी मले मानत होता. आता मी कोन? अन् मले रोज एकच भेव, का ते ओली गंजी पेटन अन् नाव लावतीन बायाचं, काढून टाकल्याच्या रागात आग लावली म्हून. जेल होईन कौसल्येले. म्या सोता चिठ्ठी लिवली साहेबाले, चौथीच्या अक्षरात, कोपऱ्यातल्या गंजीत हात घाला, उशीर नोका करू. उत्तर नाई.

आज सकाळी फाटकावरचा चौकीदार सांगून गेला. म्हने काल साहेबानं बाही वर केली अन् सोता गंजीत हात घातला. चटका बसल्यावानी बाहेर काढला. मंग मजुरायले लावून गंजी फोडली अन् सारी उन्हात पसरली, आतला कापूस पिवळा अन् वाफ निघून राह्यली होती. चिठ्ठीचं नाव नाई काढलं. कौसल्येचं नाव नाई काढलं. बायाले बोलावनं नाई. म्हनजे मानलं त्याईनं. पन म्हनलं नाई.

बस, एवढंच हाये. आता द्या इकडं ते, पाहू काय लिवलं. हं. हं. वर माहं नाव, अन् त्याच्यापुढं काय हे? रेजा. बाई, तुमी भी? खोडा ते. माह्या नावापुढं काही लिवू नोका, माहं झालं. कौसल्येच्या नावापुढं मुकादमीन लिवा. त्याईनं केलं नाई हे मले माहीत हाये, तरी लिवा. जाड लिवा.

थांबा, भोंगा झाला. जराशा चूप बसा. आता पट्टा चढला पायजे, पट्टा चढला का इथपर्यंत धडधड येते, फळीवरचे भांडे हालतात माहे. आयका.

नाई हालले. म्हनजे दुसऱ्या बाया आज तं नाई आल्या. उद्याचं मी सांगू शकत नाई, पोट कोनाचं आयकत नाई.

ते लुगडं पेटीत पडलं हाये, घडी मोडली नाई. देवाजवळ मी काही मांगत नाई, माह्याकडं त्याचं लक्ष कव्हा दिसलं नाई, अन् कौसल्या तं आता त्याले मानत भी नाई. म्हून तिच्या वाट्याचं मीच मांगतो. बाकी देजो नाईतर नोको देजो, तिचे दात साबूत ठेवजो.